जुन्या थिएटरात एकट्याने जाताना

कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी तग धरून राहिलेल्या एकपडदा चित्रपटगृहात एकट्याने जायचे असेल, तर सुरुवात दुपारच्या खेळाने करावी. रात्री नऊचा खेळ सुटेपर्यंत बारा वाजतात आणि तोवर शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. प्रेक्षक फारच थोडे असल्यास खेळ रद्दही होतो, म्हणून खिडकीवर आधी विचारावे आणि तिकिटाचा अर्धा तुकडा जपून ठेवावा. शक्यतो बाल्कनीच घ्यावी. बसण्यापूर्वी मोबाईलच्या उजेडात फाटक्या रेक्झिनच्या शिवणी नीट न्याहाळाव्यात, कारण ढेकणांचा मुक्काम नेमका तिथेच असतो. शिवाय खुर्ची हाताने दाबून पाहावी आणि चालू असलेल्या पंख्याजवळची जागा धरावी. स्त्रियांनी मधल्या वाटेलगतची, डोअरकीपरच्या नजरेतली खुर्ची निवडलेली बरी. जून ते सप्टेंबर या काळात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की संवाद ऐकूच येत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत मारामारीचा चित्रपट पाहावा (कौटुंबिक नाट्य दिवाळीनंतर). वीज गेल्यास शिट्ट्यांकडे दुर्लक्ष करून जनरेटर सुरू होईपर्यंत जागेवरच बसावे.