आधी करंट, मग पेट्रोल

प्रश्न : माझ्याकडे १९८९ सालची मारुती जिप्सी आहे, मूळ ९७० सीसी इंजिनाची. कंप्रेशन गेलंय, ऑइल खाते, कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकते. १३०० सीसीचं इंजिन बसवायचं ठरवलं आहे. दोन बघून ठेवलीत : एक जिप्सी किंगचं कार्ब्युरेटरवालं, दुसरं एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं. मेकॅनिक म्हणतो, एस्टीमचं घ्या, ताकद जास्त. त्यावर मी कार्ब्युरेटर चढवून देतो, म्हणजे कॉम्प्युटरची भानगड नको. ठिणगीसाठी पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक, आणि पेट्रोलचा पंप कुठला, हेही सांगावं.
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या मेकॅनिकला एकच विचारा. कार्ब्युरेटर चढवलात, ठीक. मग टायमिंग कोण ठरवणार? एमपीएफआय इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, तसंच ठिणगी कधी टाकायची हेही तोच ठरवतो. कॉम्प्युटर काढलात की पेट्रोलचा प्रश्न कार्ब्युरेटर कसाबसा सोडवेल, पण टायमिंग पुढेमागे करणारं कुणी उरत नाही. अशा इंजिनावर डिस्ट्रिब्युटर असला तरी तो बहुतेक वेळा नुसता करंट वाटून देतो. आत टायमिंग पुढेमागे करणारी वजनं नाहीत, व्हॅक्यूमचा डबा नाही. मग लोक टायमिंग एका जागी पक्कं करून टाकतात. गाडी चालते. सपाटीवर मालक खूशही असतो. घाटात मात्र खडखडते नाहीतर तापते. पुढे सहा महिने कार्ब्युरेटर खोलणं-जोडणं चालतं, आणि त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नसतो.

एस्टीमच्या एमपीएफआयची ८५ हॉर्सपॉवर ही १६ व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर दोघांनी मिळून दिलेली आहे. अर्ध काढून अर्ध ठेवलं तर त्यातली किती उरेल याची हमी मी देणार नाही. शिवाय ते इंजिन एस्टीममध्ये आडवं बसतं, जिप्सीत उभं बसवायचं. म्हणजे माउंटिंग, सम्प (खालचं ऑइलचं भांडं), मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट, सगळीकडे वेल्डिंगवाला. एमपीएफआयच हवं असेल तर ते अख्खं घ्या : त्याच गाडीचा कॉम्प्युटर, न कापलेलं वायरिंग, सगळे सेन्सर, जास्त दाबाचा पंप, टाकीपर्यंतची परतीची लाइन. तार कापून आणलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मी असतो तर किंगचं उचललं असतं. १९९६ साली आलेल्या त्या गाडीचं १२९८ सीसी इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. तुमचं नवं असताना ४५ चं होतं. घाटात हा फरक पुरेसा जाणवतो. त्याच्याबरोबर त्याचाच पाच गिअरचा बॉक्स घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी बसते, मधे छोटा शाफ्ट असतो. त्याची लांबी मापून घेतल्याशिवाय जुना बॉक्स भंगारात देऊ नका.

आता करंट. आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा पोरांना कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायला लावायचो. तुम्हीही इंजिन विकत घ्यायच्या आधी तिथंच उघडा. रोटर बोटांनी फिरवून सोडा : स्प्रिंगने परत आला पाहिजे. नाही आला तर खालची वजनं गंजून अडकलीत, म्हणजे रेस वाढली तरी टायमिंग पुढे जाणार नाही. मग व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे, आणि नळीला जीभ लावून धरलीत तर सरकली तिथंच थांबली पाहिजे. लगेच मागे आली तर पडदा फाटलाय. शेवटी शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर पॉइंटचा (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो. तुम्ही फीलर गेजने कितीही काळजीने लावा, चालू गाडीत तो राहत नाही.

यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शाफ्ट घट्ट असेल तर पॉइंटही चांगले चालतात : गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, चांगला कंडेन्सर, आणि दर काही हजार किलोमीटरला झाकण उघडायची तयारी. शाफ्टला थोडा खेळ असेल तर इलेक्ट्रॉनिक पिकअप घ्या, कारण त्याला त्या खेळाचं तेवढं सोयरसुतक नसतं. फार झिजला असेल तर आधी बुश बदला. जळलेले पॉइंट घाटात पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं, इलेक्ट्रॉनिक मोड्यूल गेलं की टोइंगवाला. तरीही मी इलेक्ट्रॉनिकच घेईन, आणि एक जादा मोड्यूल डॅशबोर्डमध्ये ठेवीन. वजनं आणि व्हॅक्यूम मात्र दोन्ही प्रकारांत लागतातच. इलेक्ट्रॉनिक किट टायमिंग सुधारत नाही, फक्त पॉइंटऐवजी करंट नीट तोडतं.

ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल मात्र डोळे झाकून घेऊ नका. मल्टिमीटर लावा. रेझिस्टरशिवाय पॉइंटवर चालणारी कॉइल साधारण ३ ओहमची असते, रेझिस्टरबरोबर लागणारी दीड ओहमची. चालू गाडीत १४ व्होल्ट धरले तर पहिलीतून पाच अँपिअरच्या आत करंट जातो, दुसरीतून रेझिस्टर न लावता नवाच्या वर. पॉइंट जळून काळे पडतात आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात. इलेक्ट्रॉनिक मोड्यूलला कुठली कॉइल चालते ते त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. ते सोडून दुसरी नको. आणि ३५ वर्षांहून जुन्या किल्लीच्या स्विचमधून कॉइलला किती व्होल्ट पोचतात ते मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टही कमी असेल तर रिले लावून सरळ बॅटरीवरून द्या.

व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायच्या (पाय दिला की उघडणाऱ्या झडपेच्या) किंचित वर असलेल्या छिद्राला जोडायची, मॅनिफोल्डला नव्हे. तिथं आयडलला ओढ नसते, पाय दिला की येते. कित्येक गाड्यांत त्या छिद्रात स्क्रू ठोकलेला दिसतो आणि मालक ॲव्हरेज मिळत नाही म्हणून रडत असतो. टायमिंग लाइट लावताना ती नळी काढून बंद करा, नंतर आठवणीने परत जोडा.

हे सगळं नीट झाल्यावर पेट्रोल. किंगच्या हेडवर कॅमने चालणारा यांत्रिक पंप असतो. तोच ठेवा. कार्ब्युरेटरला ३-४ पीएसआय दाब पुरतो. परतीची नळी टाकीपर्यंत चालू ठेवा, ती बंद करायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. फिरतं पेट्रोल ती टाकीकडे घेऊन जातं. कार्ब्युरेटरखालचा बेकेलाइटचा ठोकळाही वाफ टाळायलाच, तो इंजिनाची उष्णता अडवतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवा १४.७ भाग लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) गाडी थोडी कोरडी चालणार, पेट्रोल कमी पडणार. मेन जेट ११० चा असेल तर ११५ चा लावून बघा, आणि पीयूसीला दाखवा : इतक्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या.

आणि कागद. इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरटीओत आधी विचारा, इंजिन नंतर उचला. विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. हे देत नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, सोडून द्या.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी चालू केली. यांत्रिक पंप मिळेना म्हणून मेकॅनिकने एका इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावला. आता कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतं, आणि ऑइलची पातळी चक्क वाढली आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गाडी आज चालू करू नका. बॅटरीची तार काढा.

इंजेक्शनचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे ४० पीएसआयच्या वर. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल इतका दाब अडवूच शकत नाही. जादा पेट्रोल थ्रोटमधून सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांवरून खाली सम्पमध्ये. ऑइल वाढलेलं नाही, पातळ झालंय. ते आणि फिल्टर दोन्ही बदला, नाहीतर बेअरिंग जातील.

कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप मिळतो, तो घ्या आणि टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा खाली बसवा. असे पंप ढकलतात बरं, ओढतात वाईट. गेज लावून दाब बघा, चार पीएसआयच्या वर जात असेल तर रेग्युलेटर. जुना यांत्रिक पंप अजून ब्लॉकवरच असेल तर काढून तिथं झाकणपट्टी लावा, कारण त्याचा पडदा फाटलेला असेल आणि नळ्या जोडलेल्या राहिल्या असतील तर पेट्रोल तिथूनही सम्पमध्ये जातं.

पंपाची तार सरळ किल्लीवर देऊ नका. ऑइल प्रेशरच्या स्विचवरून रिले चालवा आणि स्टार्टर मारताना तेवढ्यापुरती वेगळी वाट द्या. कुठं ठोकली आणि इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडला पाहिजे. साध्या किल्लीवर तो तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो.