कातळाला हात लावू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. ज्या वरकस जमिनीत तू औषधी वनस्पती लावायच्या म्हणतेस, तिचे तू पाठवलेले फोटो तीन-चारदा पाहिले. अडीच एकर, सगळं उताराचं, निम्मं मुरमाड आणि माथ्यावर उघडा कातळ. तुझ्या आजोबांनी तिथे नाचणी-वरई आलटून पालटून घेतली, पुढे रान पडीक पडलं. रोपं देऊन माल परत घेऊ म्हणणारा माणूस आठवड्यात करारावर सही मागतोय, असं तू लिहिलंस. आधी त्याचंच सांगतो.

सही करू नकोस. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही असंच सफेद मुसळी या औषधी मुळीचं बेणं घेतलं होतं. मुसळीला भुसभुशीत, कसदार आणि पाणी न साचणारी जमीन लागते, मी ती मुरमात लावली. मुळ्या काडीसारख्या निघाल्या. त्या घेऊन गेलो, तर जिथे पैसे भरले होते तिथे कुलूप. तुझ्या काकूचे दोन दागिने त्यात गेले. ती कधी बोलली नाही, पण मला अजून लागतं. तेव्हापासून रानात जे आपसूक उगवतं, त्याच्याच भावकीतलं मी लावतो.

त्यामुळे मृगापासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला वही घेऊन रानात फिर. कुठे काय उगवलं, कुठे पाणी थांबलं, कुठे माती वाहिली, ते लिहून ठेव. तुझ्या दुसऱ्या फोटोत बांधाच्या कडेला धायटी दिसते. ती काढू नकोस. तिची मुळं उतार धरून ठेवतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी ती लाल फुलांनी भरते, मधमाश्या येतात. आसवं-अरिष्टं ही आयुर्वेदातली पातळ औषधं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात, म्हणून वाळलेल्या धायटीफुलाला गिऱ्हाईक असतं.

यंदा लावायचंच असेल तर कुंपण लाव. अडुळसा आणि निर्गुडी काडीपासून येतात आणि त्यांना शेळी तोंड लावत नाही. जिथून गुरं घुसतात तिथे सागरगोट्याच्या बिया टाक, त्याच्या काट्यांतून कुणी येत नाही. या तिन्हींचा पाला किंवा बी औषधात जातं, म्हणजे कुंपणही उत्पन्नात धर.

मुरमाड भागात हिरडा, बेहडा आणि आवळा. तीस-तीस फुटांवर खड्डे घेतलेस तर पन्नास-साठ झाडं बसतील. उतार आडवा धरून समतल चर काढ आणि झाड चराच्या खालच्या अंगाला लाव. कलमी आवळा चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देईल. हिरड्याला आठ-दहा वर्षं थांबावं लागेल. इतकं थांबायचं कशाला, हे पाहायचं असेल तर आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या गावांत उन्हाळ्यात एकदा जाऊन ये. कोवळी फळं उतरवून अंगणात, खडकावर वाळत घातलेली दिसतील, वाळून काळी पडलेली. तोच बाळहिरडा. पावसाआधी, भाताचं बी-बियाणं घ्यायच्या दिवसांत, तिथल्या घरांत त्याचाच पैसा येतो. एक लक्षात ठेव, हिरडा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. स्वतःच्या रानातलाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. जागा नीट विचार करून ठरव.

झाडं मोठी होईपर्यंत मधल्या जागेत शतावरी घे. तिला आधार लागतो आणि थोडी सावली मानवते. मुळ्या दीड-दोन वर्षांनी खणायच्या, पण खणताना डोळे असलेला गड्डा बाजूला काढून परत मातीत लाव, बेण्याचा खर्च वाचतो. ओल्या मुळ्या बाजारात नेऊ नकोस. धुऊन, साल काढून, वाळवून नेशील तरच भाव मिळेल. आणि एकाच व्यापाऱ्यावर कधी बसू नकोस. 2020 साली जो तो गुळवेलीचा काढा घेत होता, आज तितकी मागणी नाही. तरी गुळवेल लाव, कुंपणावर चढव. फक्त सगळा हिशेब तिच्यावर मांडू नकोस.

कळलावीची वेल तुझ्या रानात असणारच. तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची शेती करतात. पण ती नखशिखांत विषारी आहे, तिचा कंद तर जीव घेतो. घरात लहान पोरं आहेत तोवर तू ती लावू नयेस, असं माझं मत आहे. बांधावरची फुलू दे.

आता माथ्याचा कातळ. तुझा भाऊ म्हणतो, तिथे दोन ट्रॉल्या माती टाकून काहीतरी घेऊ. त्याला माझं नाव सांगून थांबव. श्रावण-भाद्रपदात त्या कातळावर सीतेची आसवे आणि दवबिंदू नावाची दोन इवली रोपं उगवतात. एक मुळाजवळच्या बारीक फुग्यांत किडे पकडतं, दुसरं पानावरच्या चिकट थेंबांत. जमिनीत अन्न नाही म्हणूनच त्यांनी ही युक्ती काढली. तिथे माती आणि खत पडलं की गवत चढतं आणि ही फुलं कायमची जातात. पुढे तेरडा, सोनकी, कवला फुलतात, मधमाश्यांना त्यांच्यावरच चारा मिळतो. 2012 साली कासचं पठार जागतिक वारशात गेलं, ते असाच उघडा कातळ आणि त्यावरची फुलं यांच्यामुळे. तुझ्याकडे त्याचा पाव एकर आहे. तिथे ढोरं आणि ट्रॅक्टर जाऊ देऊ नकोस. दिवाळीनंतर रानाभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढ, एका वणव्यात पाच वर्षांची रोपं जातात. मी हे पाहिलंय.

जंगलातून रोपं उपटून आणू नकोस. नरक्या या झाडाचं काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. कर्करोगावरच्या औषधाचं द्रव्य त्याच्यात निघालं आणि सह्याद्रीतली झाडंच्या झाडं तोडून, मुळासकट खणून पोत्यांतून गेली. रोपं रोपवाटिकेतून घे, पावती ठेव, ई-पीक पाहणीत नोंद कर. माल लागवडीचा आहे की जंगलातला, हे विचारतात तेव्हा सात-बारा दाखवता आला पाहिजे.

माझ्याकडे हिरड्याची चाळीसेक रोपं पिशव्यांत आहेत, दोन पावसाळे पाहिलेली. रोहिणी लागायच्या आत खड्डे खणून ठेव आणि टेम्पो घेऊन ये. येताना आजोबांच्या वेळच्या वरईचं बी घरात उरलं असेल तर मूठभर आण.

तुझा,
काका