तक्त्यात आजीला रकाना नव्हता

जय ख्रिस्त. कराडच्या भावानं लिहिलंय की सहा महिने घरोघरी सुवार्तेच्या पत्रिका वाटल्या, उपासनेला एकही माणूस आला नाही, वर मिशनचं ऑफिस आकडे मागतंय आणि आता देवच नाराज असेल असं वाटतंय. वाचलं आणि मिरजेतलं माझं दुसरं वर्ष आठवलं.

आमच्या ऑफिसचा (नाव घेत नाही) दरमहा तक्ता असायचा. किती घरं, किती पत्रिका, किती 'इच्छुक' (म्हणजे प्रभूविषयी ऐकायला तयार). बैठकीत दाखला मात्र मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांचा, १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला वगैरे. रुग्णाच्या उशाशी बसण्याला तक्त्यात रकानाच नाही!

एका दवाखान्याच्या आवारात जतकडची आजी भेटली. नवरा आत, ही झाडाखाली. मी पत्रिका दिली, दोन मिनिटं बोललो. तिनं फडकं सोडून अर्धी भाकरी नि ठेचा पुढं केला, "बस की लेकरा, खा." मी म्हणालो, आजी, अजून सात घरं राहिलीत. परतताना बघतो तर उरलेली भाकरी माझ्याच पत्रिकेत गुंडाळलेली. कागद जाड होता, कामाला तरी आला. चौथ्या दिवशी गेलो तर झाडाखाली दुसरंच बिऱ्हाड. नावसुद्धा विचारलं नव्हतं. तक्त्यात नोंद: इच्छुक, जत, १.

मी चर्चचा पाळक नाही, चुकत असेन तर जाणत्यांनी सांगावं. पण मी देवाची प्रीती कमवायला निघालो होतो, घोळ तिथंच होता. बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१९) क्रम उलटा आहे, आधी त्यानं प्रीती केली, मग आपण. येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राचा बाप तर पोरगा तोंड उघडायच्या आधीच धावत सुटतो. हे अंगात मुरलं की भाकरी खायला वेळ निघतो. माझ्या अंगात मुरायला बरीच वर्षं गेली, ते सोडा.

तुम्ही सातारा जिल्ह्यातले म्हणून सांगतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची संगत काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्या ऑफिसनं त्यांना कुठं मांडलं असतं कोण जाणे.

आणि रुग्णाला डबा दिलात तर त्याच हातानं पत्रिका काढू नका, माणूस भिडेखातर घेतो. तक्ता भरावा लागतोच, भरा. एसटीची तिकिटं तेवढी जपा. माझी तीन महिन्यांची बिलं 'मूळ तिकीट जोडलेले नाही' म्हणून परत आली होती.