लाटणे मोर्चाच्या अभ्यासावर पोट भरेल का?

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिची आजी १९७२ मध्ये परळहून लाटणे घेऊन महागाईविरोधी मोर्चाला गेली होती, तशी बायकांची चळवळ मुंबईत पुढे का ओसरली, याचाच तिला अभ्यास करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. यात पोट भरेल का, हा आपला प्रश्न रास्त आहे.

आधी विषयाबद्दल. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा निरोप चाळीच्या गॅलरीतून आणि नळाच्या रांगेतून फिरत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि निरोपाची ती वाटच बुजली. म्हणून ‘हल्लीच्या बायकांना वेळ नाही’ हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. एका वस्तीतील पाणी समितीची इतिवृत्ताची वही मी चाळली आहे. सह्यांच्या रकान्यात बहुतेक नावे बायकांची, दोनचार ठिकाणी अंगठे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मात्र तिन्ही पुरुष. ते पांगले, तेव्हा समिती संपली असे सर्वांनी धरले. पुढे महापालिकेत महिलांच्या राखीव जागा २०११ पासून निम्म्या झाल्या आणि नगरसेविका वाढल्या, पण त्यांना तिकीट पक्ष देतो, वस्ती नव्हे.

टाटा समाजविज्ञान संस्थेत महिला अभ्यासाचे एम.ए. आहे, निर्मला निकेतनमध्ये समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.). माझा कल दुसऱ्याकडे, कारण तिथे वस्तीतले फील्डवर्क अभ्यासक्रमाचाच भाग असते आणि स्वयंसेवी संस्था, पुनर्वसन प्रकल्प, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग अशा ठिकाणी ती पदवी चालते. या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आपल्यापासून लपवणार नाही. शिवाय निधी संपला की कार्यकर्ती वस्ती सोडते. चळवळी ओसरण्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते तिने नोकरी धरण्यापूर्वीच ओळखून असावे. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे आणि सोसायटीचा ताळेबंद वाचणे शिकून घ्यावे.

प्रवेशाला अवकाश आहे. तोवर आजींकडून एवढे लिहून घ्यायला सांगा: मोर्चाचा निरोप कोणी आणला, गाडीभाडे कोणी दिले आणि त्या संध्याकाळी घरचा स्वयंपाक कोणी केला.

आपला,
मार्गदर्शक