खेड्यातली माणसं जंगल नेमकं कशामुळं राखतात?

तुम्ही विचारलंय की बोर्ड, शाळेच्या रॅल्या, जनजागृती एवढं सगळं करूनपण गावातले लोक जंगल का राखत नाहीत. मी सोलापूरचा, उत्तर तालुक्यातला. लहानपणापासून बघतोय, बोर्ड वाचून कोणी वागत नाही, आपल्या भावकीतला काय करतोय आणि नियम मोडला त्याचं पुढं काय झालं हे बघून माणूस वागतो.

आमच्याकडं जंगल म्हणजे माळरान. गवत, काळवीट, लांडगा. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 ला जाहीर झालं तेच मुळी सोलापूर आणि नगर मिळून जवळपास 8,496 चौरस किलोमीटरचं, त्यात गावंच्या गावं आणि लोकांच्या खाजगी जमिनी आत गेल्या, जमिनीचा व्यवहार करायचा तरी अडचण. मग पारावर बोलणं काय होणार, या पक्ष्यानं वाटोळं केलं. 2012 ला क्षेत्र कमी करून साधारण 1,222 वर आणलं पण तोवर एक पिढी हेच ऐकत मोठी झाली होती. खरं सांगतो, माळढोकाबद्दल जीव असणारी माणसं तेव्हापण गावात होती, पण चारचौघात बोललं तर एकटं पडू म्हणून गप्प बसायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की असा विचार करणारा मी एकटाच आहे.

चराईचं तसंच. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, राखीव कुरणाच्या कडेला मेंढरं थांबलेली असतात. एक कळप आत गेला आणि त्याला कोणी हटकलं नाही की मागचे दोन कळप पण आत, कारण मी थांबलो तरी गवत काय राहणार नाही, दुसऱ्याची मेंढरं खाणार आणि माझी उपाशी. ह्यात वाईट माणूस कोणीच नाही ओ. पण पहिला कळप जर पुढाऱ्याच्या पाव्हण्याचा असला आणि दंडाची पावती मात्र गरिबाच्या नावानं फाटली, तर त्या वर्षी तुम्ही कितीपण भाषणं द्या.

धुळ्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा गाव आहे बघा, जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांचं, त्यांना 2025 ला पद्मश्री मिळाली. तिथं लोकांनी स्वतः नियम केले, झाड तोडलं तर दंड, आणि तो दंड गावच घेणार, बाहेरचा साहेब नाही. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे ते जंगल गावानं मिळून वापरायचा आणि राखायचा हक्क, तिथं ग्रामसभेत बहुमतानं नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. वेळ लागतो, पण जो स्वतः हो म्हणलाय त्याला शेजाऱ्यासमोर कुऱ्हाड घेऊन जायची लाज वाटते, आणि ही लाज गार्डच्या शिट्टीपेक्षा जास्त काम करते.

अजून एक, सरपणाचं बायका ठरवतात. कुठल्या बाजूनं जायचं, ओलं तोडायचं का वाळलेलंच आणायचं हे त्यांचं त्यांच्यात ठरलेलं असतं, आणि मीटिंगला सतरंजीवर सगळे गडी.

तुम्ही कुठल्या गावात काम सुरू करणार असाल तर आधी मेंढरंवाल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना आणि मोळी आणणाऱ्या बायकांना घरी जाऊन भेटा, सरपंचांच्या भावकीलापण. ग्रामसभा नंतर घ्या, तीपण ज्वारीची काढणी उरकल्यावर, नाहीतर बायका येत नाहीत.