रिड्रेस : भरपाई, निवारण की दाद?

प्रश्न असा आला आहे : आयर्लंडमधल्या मॅग्डालीन लाँड्र्यांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. तिथे राबलेल्या बायकांसाठी सरकारने जी ‘रिड्रेस’ योजना काढली, तिला मराठीत ‘नुकसानभरपाई योजना’ म्हणावं की ‘निवारण योजना’? आणि ‘सर्व्हायव्हर’साठी ‘पीडिता’ चालेल का?

थोडक्यात सांगायचं तर ‘निवारण’ नको, ‘भरपाई’ अपुरी आहे, ‘दाद’ सगळ्यांत जवळचा आहे आणि ‘पीडिता’ टाळलेला बरा. पण लेखात हे शब्द कुठे वापरायचे आणि कुठे नाही, हे त्या प्रकरणात नेमकं काय घडलं त्यावर ठरेल. म्हणून आधी ते सांगते.

डब्लिनमध्ये १७६७ साली पहिलं मॅग्डालीन आश्रयगृह निघालं. ‘वाट चुकलेल्या’ बायकांना आसरा देणं हा तेव्हाचा उद्देश. पुढे अशा संस्था कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांकडे गेल्या, आणि आसऱ्याच्या जागी कुलूपबंद धुलाईखाने उभे राहिले. हॉटेलं, हॉस्पिटलं, सरकारी खाती, अगदी लष्करसुद्धा आपले कपडे तिथे धुवायला पाठवत असे. १९२२मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर चार संघांच्या मिळून दहा लाँड्र्या चालू होत्या. डब्लिनच्या शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरची शेवटची लाँड्री बंद झाली ती थेट ऑक्टोबर १९९६मध्ये. या काळात सुमारे दहा हजार बायका आणि मुली तिथे गेल्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, अत्याचार सोसलेल्या, औद्योगिक शाळांतून परस्पर पाठवलेल्या अनाथ मुली, कोर्टाने धाडलेल्या, मतिमंद ठरवलेल्या. बऱ्याच जणींचं मूळ नाव काढून घेऊन दुसरं नाव दिलं जाई. दिवसभर वाफेत, सोड्याच्या पाण्यात काम आणि हातात मजुरी शून्य.

आता ‘लाँड्री’ या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान. म्हणून लेखात पहिल्यांदा हा शब्द येईल तिथे ‘धर्मभगिनींनी चालवलेले बंदिस्त धुलाईखाने’ असं एकदा स्पष्ट लिहा, मग खुशाल लाँड्री म्हणा. ‘धोबीघाट’ नको, तिथे माणूस आपल्या धंद्यासाठी जातो आणि संध्याकाळी घरी परततो.

तिथल्या बायकांना संस्थेत ‘प्रायश्चित्त घेणाऱ्या’ या अर्थाचा शब्द होता. म्हणजे नावातच आरोप आणि शिक्षा दोन्ही. २००९ साली तेव्हाचे शिक्षणमंत्री बॅट ओ’कीफ यांनी एका पत्रात त्यांचा उल्लेख लाँड्र्यांचे ‘माजी कर्मचारी’ असा केला. आधीच्या रिड्रेस कायद्यात या बायकांना घेता येणार नाही, हे सांगणारं ते पत्र. ओरड झाल्यावर तो शब्द मागे घेतला गेला. मराठीत हा शब्द जसाच्या तसा ‘कर्मचारी’ म्हणूनच आणा, कारण कर्मचारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पगार, रजा, फंड येतो, आणि वाचकाला राग नेमका कशाचा होता ते कळतं. स्वतःच्या वाक्यात मात्र ‘काम करत’ असं मवाळ न लिहिता ‘राबवून घेतलं’ लिहा. मराठीचं हे प्रयोजक रूप फार नेमकं आहे, कारण राबणारी एक आणि राबवणारा दुसरा हे क्रियापदातच येतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. सरकार योजनाही ‘राबवतं’. एकाच परिच्छेदात बायकांना राबवलं आणि योजना राबवली असं आलं तर वाचताना ठेच लागते. योजनेसाठी ‘अमलात आणली’ म्हणा.

आता मूळ शब्द. ‘निवारण’ आपण ग्राहक तक्रार निवारणात आणि दुष्काळ निवारणात वापरतो. संकट अजून चालू आहे किंवा अंगावर येऊ घातलं आहे, ते परतवायचं, हा त्यातला अर्थ. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखादीचं तरुणपण वाफेच्या खोलीत गेलं, त्याचं निवारण कसं होणार? तिथे तो शब्द नुसता सरकारी पाटीसारखा दिसेल.

‘नुकसानभरपाई’ तुलनेने प्रामाणिक आहे. पण भरपाईत मोजदाद येते : इतकं गेलं, तितकं भरून दिलं. आणि ही मोजदाद आयर्लंडमध्ये खरोखर झाली, म्हणून ती जवळून बघण्यासारखी आहे. न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी २०१३मध्ये सरकारला जो आराखडा दिला, त्यात रकमेचे दोन भाग होते. एक तिथे राहावं लागल्याबद्दल, दुसरा तिथे केलेल्या कामापोटी. तीन महिन्यांपर्यंत राहिलेल्या बाईला १० हजार युरो आणि कामापोटी १,५००, एकूण ११,५००. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काढलेल्या बाईला ४० हजार आणि कामापोटी ६० हजार, एकूण एक लाख. म्हणजे वर्षभराच्या कष्टांचा हिशेब सहा हजार युरो, आणि दहा वर्षांनंतर मीटर बंद. तीस वर्षं काढलेल्या बाईचंही एक लाखच. रकमेखेरीज पेन्शनच्या तोडीचं साप्ताहिक उत्पन्न आणि आरोग्यसेवा असंही त्यात होतं. या कोष्टकाबद्दल लिहिताना ‘भरपाईची रक्कम’ हा शब्द चपखल बसतो. ‘मजुरी’ किंवा ‘थकलेलं वेतन’ मात्र लिहू नका, कारण सरकारने ते वेतन म्हणून कधीच मान्य केलं नाही. ‘कामापोटी दिलेली रक्कम’ हेच बरोबर.

‘एक्स ग्रेशिया’ हा आणखी एक शब्द लेखात येणारच, कारण तो योजनेच्या नावाला जोडलेला आहे. सरकारने ही रक्कम कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, आपणहून दिलेली अशा स्वरूपात दिली. यासाठी मराठीत तयार शब्द आहे, ‘सानुग्रह’. मुंबई महापालिकेचे कर्मचारी दिवाळीला ज्याची वाट बघतात ते सानुग्रह अनुदान. अनुग्रहासह, म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. हक्क म्हणून मागता येत नाही, दिलं तर घ्यायचं. मला हा शब्द इथे टोचतो, आणि टोचतो म्हणूनच तो वापरावा असं वाटतं. शिवाय रक्कम हवी असेल तर सरकारविरुद्ध कोर्टात जाणार नाही असं बाईला लिहून द्यावं लागत होतं. कृपाही करायची आणि वर लिहूनही घ्यायचं. ‘सानुग्रह’ बदलून त्याजागी ‘सन्माननिधी’ असलं काही गोड घातलंत, तर सरकारने न दिलेली गोष्ट अनुवादकाने दिल्यासारखं होईल.

मग ‘दाद’ कुठे? हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, तिथे त्याचा अर्थच न्याय. मराठीत तो इतका मुरला की गाण्याला दाद देतो, कोणाला दाद देत नाही, कोर्टात दाद मागतो, आणि शेवटी दाद लागते किंवा लागत नाही. रिड्रेसमध्ये जे सगळं यायला हवं ते या शब्दात आहे : कोणीतरी गाऱ्हाणं ऐकून घेणं, ते खरं मानणं आणि त्यावर काही करणं. ‘भरपाई’त ऐकणं नाही, ‘निवारणा’त खरं मानणं नाही. आणि या बायकांची अनेक दशकांची अवस्था सांगायला ‘दाद ना फिर्याद’ याहून नेमकं काय आहे? १९९३मध्ये डब्लिनच्या हाय पार्क इथल्या, लाँड्री चालवलेल्या मठाने जमीन विकली, तेव्हा तिथली दफनभूमी उकरावी लागली. परवानगी १३३ जणींच्या अवशेषांची घेतली होती, निघाले १५५ जणींचे. कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. त्यानंतरसुद्धा लाँड्र्या खासगी, सरकारचा संबंध नाही, असंच सांगितलं जात राहिलं. २००२च्या रिड्रेस कायद्यात मुलांच्या निवासी संस्था आल्या, लाँड्र्या वगळल्या गेल्या. २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने चौकशी करायला सांगितलं, तेव्हा कुठे मार्टिन मॅकॲलीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि फेब्रुवारी २०१३च्या तिच्या अहवालात निघालं की चौथ्या हिश्शाहून जास्त बायका सरकारी यंत्रणेच्या हातूनच तिथे गेल्या होत्या.

तेव्हा माझी सूचना अशी : बायकांनी जे मागितलं त्यासाठी ‘दाद’, सरकारने जे दिलं त्यासाठी ‘सानुग्रह भरपाई’. ‘दाद मागणाऱ्या स्त्रियांना सरकारने सानुग्रह भरपाई देऊ केली’ या वाक्यात दोघांमधलं अंतर दिसतं, आणि ते दिसायलाच हवं. योजनेला एकच नाव हवं असेल तर ‘मॅग्डालीन भरपाई योजना’ पुरे.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण लेखात अडेल अशी एक जागा आहे : माफी. अहवाल आला त्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत ‘सॉरी’ म्हटलं, पण ते अशा बेताने की त्या परिस्थितीत राहावं लागलं याचं वाईट वाटतं, इतकाच अर्थ निघावा. बायका संतापल्या. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, केनी यांनी सरकार आणि नागरिकांच्या वतीने स्पष्ट माफी मागितली, बोलताना त्यांना हुंदका आवरला नाही, आणि प्रेक्षकसज्जात बसलेल्या बायकांसाठी सभागृह उठून उभं राहिलं. इंग्रजी ‘सॉरी’ या दोन्हीकडे चालतो, मराठीला ही मोकळीक नाही आणि ते चांगलंच आहे. पहिल्या दिवसाला ‘खेद व्यक्त केला’, फार तर ‘दिलगिरी’. दुसऱ्याला ‘बिनशर्त माफी मागितली’. दोन्हीकडे ‘माफी’ लिहिलंत तर बायका मधले दोन आठवडे कशासाठी झगडल्या ते वाचकाला कळणारच नाही. चारही धर्मसंघांनी भरपाईच्या निधीत पैसे घालायला नकार दिला, तिथे यातला एकही शब्द लागत नाही.

‘दाखल’ या साध्या शब्दाकडेही लक्ष ठेवा. योजनेत ‘लाँड्रीत दाखल होऊन काम केलेल्या’ बायका पात्र, असं होतं. काही मुली लाँड्रीला लागून असलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या रजिस्टरवर होत्या, पण कपडे मात्र लाँड्रीतलेच धूत. न्याय खात्याने त्यांना नकार दिला : तुम्ही इथे दाखल नव्हता. लोकपाल पीटर टिंडल यांनी २०१७च्या अहवालात या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, आणि मग लगतच्या संस्थांमधल्या बायकांनाही योजनेत घेतलं गेलं. तोवर त्यातल्या कित्येकींची वयं सत्तरीच्या पुढे गेली होती. मराठीत ‘दाखल झालेल्या’ लिहिलं तर त्या आपल्या पायांनी गेल्या असं वाटतं. ‘दाखल केलेल्या’ लिहा, आणि जिथे कुलूप आणि सक्ती स्पष्ट आहे तिथे सरळ ‘डांबलेल्या’.

आता ‘सर्व्हायव्हर’. ‘पीडिता’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी बलात्काराच्या बातम्यांना इतका बांधून टाकला आहे की वाचक दुसरंच प्रकरण समजेल. शिवाय त्यात ती बाई कायमची सोसणारीच राहते. ‘उत्तरजीवी’ कोशात सापडेल, पण मी तो कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. ‘वाचलेल्या’ म्हटलं की रेल्वे अपघात आठवतो. या बायकांनी पत्रं लिहिली, साक्षी दिल्या, संघटना काढल्या, मंत्र्यांना उत्तरं द्यायला लावली. २०१८च्या जूनमध्ये दोनशेहून अधिक जणी डब्लिनला जमल्या, आणि राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी आपल्या निवासस्थानी त्यांचं स्वागत केलं. त्यांच्यासाठी ‘मॅग्डालीन स्त्रिया’ हे नाव पुरेसं आहे, त्या स्वतःही ते वापरतात. जिथे अर्थ उलगडायचा असेल तिथे ‘लाँड्रीतून सुटून आलेल्या’ किंवा ‘तिथलं भोगून आलेल्या’. एकाच शब्दात बसवायचा हट्ट नको. मराठीला अशी विशेषणं लांबवायला जागा आहे, ती वापरावी.

लेखात पुढे माता-बाल गृहांचा भाग येत असेल तर तिथे ‘दाद’ आणि ‘भरपाई’ दोन्ही जपून वापरा. ते प्रकरण वेगळं आहे, अविवाहित गरोदर मुलींना ठेवण्याच्या संस्थांचं. त्याचा चौकशी अहवाल जानेवारी २०२१मध्ये आला, कायदा २०२३मध्ये झाला आणि अर्ज घेणं २०२४च्या मार्चमध्ये सुरू झालं. त्या कायद्याच्या नावात सरकारने ‘रिड्रेस’ हा शब्द ठेवलेला नाही, नुसतं ‘पेमेंट’ म्हटलं आहे, आणि बालपणी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथे राहिलेल्यांना त्यातून वगळलं आहे. तिथे ‘रक्कम वाटप योजना’ लिहा.