श्रद्धा गेली, भीती राहिली

"लहानपणापासून चर्चमध्ये वाढलो. आता देव आहे की नाही हेच सांगता येत नाही. घरच्यांना काय सांगू, आणि मी चुकत असेन तर माझे काय होईल?" कोल्हापुरात समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतील तरुण-तरुणींकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. त्यांपैकी एका तरुणाची हकीकत त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

वय सत्तावीस, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत नोकरी, वडील निवृत्त शिक्षक आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचे, एल्डर (कारभार पाहणारे वडीलधारे), आई संडे स्कूल घेणारी. तो स्वतः शाळेत असल्यापासून उपासनेत कीबोर्ड वाजवतो. पहिल्या भेटीत तो बराच वेळ कामाच्या ताणाबद्दल बोलत राहिला आणि निघायच्या बेताला आल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीच्या, वेळी भाकरीच्या तुकड्यांची ताटली आणि द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकांवरून फिरत असताना कोणीतरी गीत वाजवावे लागते. गेले वर्षभर ते काम तो आग्रहाने स्वतःकडे घेत होता, कारण दोन्ही हात वाद्यावर असले की ट्रे पुढे निघून जातो आणि आपण घेतले नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. "ज्यावर विश्वास नाही ते तोंडात घालणं मला खोटं वाटतं, मॅडम, आणि न घेता तिथं बसणं त्याहून खोटं वाटतं," असे तो म्हणाला. रविवारी दुपारी घरी तांबडा रस्सा वाढून झाला की वडील "आज तू प्रार्थना कर" असे म्हणत, आणि मग तोंडपाठ शब्द उच्चारताना त्याच्या पोटात गोळा येत असे.

अशा व्यक्तीला आजारी ठरवण्याची घाई आपल्याकडे घरचे करतात आणि क्वचित डॉक्टरही करतात. त्याची झोप, भूक, कामातील लक्ष आणि जीव नकोसा होण्याचे विचार यांविषयी मी सविस्तर विचारून घेतले. नैराश्याची लक्षणे नव्हती. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा एक प्रकार समाविष्ट केला. श्रद्धा डळमळणे किंवा नाहीशी होणे त्यात मोडते, आणि तो मुद्दाम मानसिक विकारांच्या बाहेर ठेवलेला आहे, म्हणजे लक्ष देण्याजोगी अडचण खरी, पण व्याधी नव्हे. हे ऐकून त्याला जेवढे हायसे वाटले तेवढे पुढच्या दोन भेटींत माझ्या कोणत्याही बोलण्याने वाटले नाही.

मात्र एक गोष्ट खरोखर उपचाराची होती. नरक आहे असे त्याला आता वाटत नव्हते, तरी नरकाची भीती वाटत होती. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री हायवेने मोटारसायकलवरून येताना शेजारून ट्रक गेला की "आत्ता काही झालं तर?" हा विचार येई, आणि तो ओठांतल्या ओठांत एक ठरलेले वाक्य पुटपुटे, न पुटपुटल्यास घरी पोचेपर्यंत छातीत धडधड राही. विचाराने मत बदलते, पण सहाव्या-सातव्या वर्षी अंगात भिनलेली भीती वादविवादाने जात नाही, आणि म्हणूनच "तर्काने पटलंय तर भीती का जात नाही?" या प्रश्नावर त्याने स्वतःला जो दुबळेपणाचा दोष दिला होता तो अनाठायी होता. आम्ही आठवडाभर अशा वेळांची नोंद केली. त्यानंतर भीती आली की ती येऊ द्यायची, वाक्य म्हणायचे नाही, आणि ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे, असा सराव सुरू केला. पहिल्यांदा घरी अंथरुणावर पडल्यापडल्या, नंतर घराजवळच्या रस्त्यावर, शेवटी हायवेवर. येथे मला एक खुलासा करणे आवश्यक वाटते. प्रार्थना सोडवणे हे समुपदेशकाचे काम नाही. मनापासून केलेली प्रार्थना आणि अनर्थ टळावा म्हणून घाबरून केलेला जप यांत फरक असतो, आणि तो फरक त्याच्या आईनेही, पुढे भेटल्यावर, चटकन ओळखला. काही महिन्यांत ती धडधड बरीच उतरली. ती पुरती गेली, असे मी म्हणणार नाही.

मतांच्या बाबतीत त्याला घाई झाली होती. मोबाइलवर तासन्‌तास वादविवाद पाहून त्याची समजूत झाली होती की, एकदा संशय आला की प्रामाणिक माणसाने नास्तिक म्हणून जाहीर व्हावे, आणि "ठाऊक नाही" म्हणणारा ना धड इकडचा ना धड तिकडचा. हे मला मान्य नाही. देव आहे की नाही हे ठाऊक नाही, या भूमिकेला, म्हणजे अज्ञेयवादाला, ज्याने १८६९ साली नाव दिले त्या इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली याचा लहान मुलगा १८६० मध्ये आजाराने गेला, तेव्हा त्याचे स्नेही आणि धर्मगुरू चार्ल्स किंग्जली यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. हक्स्लीने उत्तरात त्यांच्या मायेबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, पण केवळ दिलासा मिळतो म्हणून मरणोत्तर जीवनावर विश्वास ठेवायला नकार दिला. पुराव्याबाहेर बोलायचे नाही ही भूमिका पोटच्या मुलाच्या मृत्यूपुढे टिकवणाऱ्याला कुचराई करणारा कसे म्हणणार?

मानवतावादाविषयी तर आपल्याकडे परके असे काही नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाशी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे जोडलेले होते. माणसाचे भले करण्यासाठी वरून आज्ञा यावी लागत नाही, एवढा त्यातला गाभा त्याला नवा वाटला नाही, कारण दुष्काळात, महापुरात मंडळीने चालवलेली मदत त्याने लहानपणापासून पाहिली होती आणि त्यातले शिकलेले टाकून देण्याची त्याची इच्छाही नव्हती. मी ज्या समुपदेशन पद्धतीने काम करते तिचे प्रवर्तक कार्ल रॉजर्स हेही कडक प्रोटेस्टंट घरात वाढलेले. १९२२ साली पेकिंगच्या (आताचे बीजिंग) ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेला गेले असताना त्यांची मते बदलू लागली, तरीही पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या धर्मशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला, आणि तेथून ते मानसशास्त्राकडे वळले. म्हणजे ही वाट वर्षानुवर्षांची असते. "तुम्ही काय मानता?" असे त्याने मला विचारले, तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण मी काहीही म्हटले असते तरी ते त्याच्या पारड्यात पडले असते.

घरी सांगणे हा सर्वांत अवघड भाग होता. त्याचे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांच्या मागोमाग शाळा, दवाखाने झाले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या घरात पाटी-पेन्सिल आली ती या वाटेने. अशा घरात श्रद्धा हा निव्वळ मताचा प्रश्न नसतो, तर पूर्वजांनी किंमत मोजून मिळवलेल्या मानाचा असतो, आणि मुलगा बाजूला झाला की बाप त्यात पणजोबांचा अपमान पाहतो. शिवाय बाहेरचे लोक चर्चला न जाणाऱ्याकडे "आला का परत?" अशा नजरेने पाहतात; फाउंड्रीतील एकाने तर त्याला थेट "आता जातीचा दाखला काढणार काय?" असे विचारले होते, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्याला कोणत्याही गोटात जायचे नव्हते, हे बाहेर कोणाला पटत नव्हते.

म्हणून मी त्याला सल्ला दिला की, सर्वांना एकदम आणि सणाच्या दिवशी सांगू नये, "देव नाही" असा निकाल सुनावू नये, तर स्वतःच्या मनात काय चालले आहे तेवढेच सांगावे, आणि वडिलांना तो माझ्यासमोर सांगणार असेल तर मी बसेन. ते आले. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी विचारले, "तुझी माती कुठं होणार?" ख्रिस्ती स्मशानभूमीत आई-वडिलांशेजारी जागा नसणे ही त्यांची खरी धास्ती होती. आईची धास्ती वेगळी होती. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, हे तिच्या डोक्यातून गेले नव्हते, आणि "मनात ठेव, चारचौघांत बोलू नको" एवढेच तिचे मागणे होते.

वडील महात्मा फुले यांना मानणारे असल्याने मी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' मधील त्या प्रसिद्ध घराची आठवण दिली, ज्यात बाई बौद्ध, पुरुष ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असे असूनही कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, त्या घरातला मुलगाही रिकामा नाही. त्याचा सत्यधर्म आहे, निर्मिक म्हणजे निर्माता आहे. आमचा तर काहीच घेत नाही." आक्षेप बिनतोड होता आणि मी तो तसाच राहू दिला. मुलगा मात्र म्हणाला, "पप्पा, खोटं न बोलणं तुमच्याकडूनच घेतलंय. तेच करतोय." समेट त्या दिवशी झाला नाही. काही आठवड्यांनी जेवणाच्या वेळी वडिलांनी स्वतः प्रार्थना सुरू केली आणि तो हात जोडून शांत बसला, त्यावर घरात कोणी काही बोलले नाही. पाळकांनाही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनाही, त्याने सांगितले. त्यांनी त्याला गायन मंडळातून काढले नाही, मात्र प्रभुभोजनाच्या वेळी आता दुसरे कोणी वाजवते आणि तो मागच्या बाकावर बसून ट्रे पुढे देतो.

कायद्याविषयी त्याच्यासारखे अनेक जण घाबरलेले असतात, म्हणून थोडक्यात सांगते. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, कोणत्याही नागरिकाला सरकारी कागदावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही आणि आपला कोणताही धर्म नाही असे त्याला सांगता येते. त्या प्रकरणातले अर्जदार येशूला मानणारे होते, फक्त ख्रिस्ती हा धर्म म्हणून त्यांना नको होता. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन धर्मविधीशिवाय लग्न करता येते.

लग्नाचा प्रश्न त्याच्यापुढे लगेचच आला. मंडळीतल्याच एका मुलीचे स्थळ होते, आणि लग्न ठरल्यावर सांगितले तर चालेल का, असे त्याने विचारले. मी म्हटले, साखरपुड्याआधी आणि तिला एकटीला सांगा, मधे कोणी नको. त्याने सांगितले. देव मानतोस की नाही यावर ती फारसे बोलली नाही. मुले झाली तर त्यांचा बाप्तिस्मा करायचा की नाही, हे मात्र तिने पहिल्याच भेटीत विचारले आहे, आणि त्यावर ते दोघे अजून बोलत आहेत.